उर्फ झिपरू

महसूल खात्यातील माझी तेहतीस वर्षांची चाकरी बहुतांशी इतरांच्या नावांतील चुका दुरुस्त करण्यात गेली. आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या नातवाच्या नावात मात्र मी अशी चूक करून ठेवली, की कोणत्याही शुद्धिपत्रकाने ती निस्तरेना. ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे आणि ज्यांना एखाद्या पूर्वजाच्या नावाचा मोह पडला आहे, त्यांच्यासाठी ही हकीकत.

मोह मला दप्तरखान्यात पडला. धाकट्या मुलाच्या जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता, म्हणून प्रकाशाजवळच्या आमच्या तापीकाठच्या गावचे कोतवालबुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, मी काढवून घेतले. मोडी अक्षरांत रामा, शामा, लक्ष्मण यांची अशी दाटी होती, की कोणता रामा कोणाचा हे सांगणे प्रत्यक्ष चित्रगुप्तालाही जड गेले असते. परंतु माझ्या वडिलांच्या जन्माच्या नोंदीत बापाच्या नावाच्या जागी जे 'झिपरू' लिहिले होते, ते सबंध गावात एकाच इसमाचे होते, आणि त्या एका विलक्षण नावामुळे आमच्या वंशाचा दोरा बिनचूक हाती लागला. पुढे 2009 साली नातू झाला, तेव्हा ज्या नावाने आम्हांला ओळख मिळवून दिली ते पुन्हा घरात नांदावे, असे माझ्या मनाने घेतले.

त्या नावाची कथाही मला ठाऊक होती. आजोबांच्या आधीची भावंडे पाळण्यातच दगावली, म्हणून पणजीने केदारेश्वराला नवस बोलून पाच वर्षे मुलाच्या केसांना वस्तरा लागू दिला नाही. झिपऱ्या वाढल्या आणि त्यांवरून मूल झिपरू झाले. दगडू, धोंडू, केरू, भिका, उकर्डू ही सारी याच भयाची अपत्ये. ज्या घरी मूल जगत नसे, तेथे नवजाताला उकिरड्यावर क्षणभर टेकवून परत उचलीत, किंवा नाक टोचून त्याला नथू म्हणत, हेतू हा की काळाने हे पोर टाकाऊ समजून पुढे जावे. म्हणजे ही नावे मनुष्याला हाक मारण्यासाठी ठेवलेली नव्हतीच. ती मृत्यूला चकविण्यासाठी होती. हे सारे मी बारशाच्या दिवशी पाहुण्यांना रंगवून सांगितले, पण त्यातून निघणारा सरळ अर्थ माझ्या ध्यानी आला नाही.

नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा. माझ्या लेकीने पाळण्यापाशी जाण्यापूर्वी मला बाजूला घेऊन म्हटले, "नाना, एकदा अंगणात उभे राहून मोठ्याने हाक मारून पाहा, मग सांगा." मी हसून उडवून लावले. सून काहीच बोलली नाही, आणि तिच्या मौनाला मी संमती समजलो.

पहिला घोळ लिपीने घातला. आपल्या 'झ'ला रोमन लिपीत ठरीव रूप नाही. जन्मनोंदीत कोणी जेने प्रारंभ केला, शाळेत झेडने, आणि आधार पत्रावर तिसराच अवतार उमटला. एका यादीत मुलगा मध्यावर, दुसरीत अगदी शेवटी. परंतु कागद दुरुस्त होतात. वर्गातल्या मुलांनी जे केले ते दुरुस्त होण्यासारखे नव्हते. ती त्याचे केस विस्कटून 'झिपऱ्या' म्हणत, आणि पोर आठवीपर्यंत दर पंधरवड्याला न्हाव्याकडे जाऊन केस मुळापासून बारीक करून घेई. मला वाटे, नातू मोठा टापटिपीचा आहे! एके दिवशी त्याची वही हाती आली. मुखपृष्ठावरचे नाव खोडून त्याने 'जय' लिहिले होते. मी विचारले, तेव्हा खाली मान घालून आमच्या अहिराणीत एवढेच म्हणाला, "नाना, मनं नाव बदली टाका ना."

मी रागावलो, हे कबूल केले पाहिजे. ज्या नंदुरबारच्या चौकात 9 सप्टेंबर 1942 रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा इंग्रजी अंमलाच्या गोळ्यांनी पडला, त्या शहराच्या पंचक्रोशीत राहून पूर्वजांचे नाव जड कसे वाटते, असे काहीतरी मी त्याला ऐकवले. वास्तविक तो दाखला माझ्याच विरुद्ध होता: शिरीष हे नाव लावून मिरवायला कोणाही मुलाला आवडेल, कारण त्याची कथा चौकात उभी आहे, झिपरूची कथा माझ्यापाशी होती, आणि मुलाला वर्गात ती सांगत बसण्याची सोय नव्हती.

नावे काळाबरोबर वेष पालटतात, हे तर मी चाकरीत नित्य पाहिले होते. अक्राणीकडच्या पाड्यांत रविवारी जन्मलेला दित्या, सोमवारी जन्मलेला सोम्या. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यात दित्याचा आदित्य करून ठेवलेला, सातबाऱ्यावर दित्या तसाच, आणि वारसनोंदीच्या वेळी दोन्ही इसम एकच असल्याचे पंचांसमक्ष जबाब. शब्दही मूळचा एकच, आदित्यवारातला. पण तेवढ्यावर फेरफार मंजूर होत नाही.

पुढे शेताच्या वाटणीच्या वेळी जुन्या खरेदीखताची नक्कल निघाली. तीत लिहून घेणार म्हणून 'श्रीपत उर्फ झिपरू' असे होते, आणि खाली मोडीत वळणदार सही होती, नुसती 'श्रीपत' अशी. ज्यांचे नाव मी भक्तिभावाने नातवाच्या कपाळी लिहिले, त्यांनी हाती लेखणी येताच ते 'उर्फ'च्या पलीकडे सारले होते.

म्हणून सांगतो. पूर्वजाचे नाव उचलण्यापूर्वी त्याची स्वतःची सही शोधा. बारशाच्या भरात नाव दप्तरी घालण्याची घाई करू नका: जन्माची खबर 21 दिवसांत दिलीच पाहिजे, परंतु 1969च्या कायद्यात नावावाचून नोंद करण्याची मुभा आहे, नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मणाऱ्यांना तर शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखलाच मुख्य आधार, तेव्हा रोमन अक्षरे एकदाच ठरवून सर्वत्र तीच बरहुकूम लिहा. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचे नाव येते. जिचे नाव त्याच ओळीत बसणार, तिला आधी विचारा. आणि अंगणात उभे राहून हाक मारून पाहा. पूर्वज घरात राहावासा वाटत असेल, तर घरच्या हाकेत खुशाल राहू द्या. माझी बायको अजूनही नातवाला 'झिप्या' म्हणते आणि तो ओ देतो.

राजपत्रात नावबदल छापण्यासाठी दरखास्त करायची ठरली, तेव्हा मसुदा साहजिकच माझ्याकडे आला. जुने नाव, नवे नाव, पत्ता, सारे सुबक अक्षरांत लिहिले. नंतर बदलाचे कारण लिहावयाचे होते. हजारो अर्जदारांना मी हा मजकूर बसल्याबसल्या सांगितला असेल. त्या दिवशी लेखणी हातात धरून बराच वेळ बसलो, आणि शेवटी कागद नातवाकडे सरकवला.