पडलेल्याजवळ कोण जातं?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३२

मित्रांनो, आजच्या श्लोकात भगवंत श्रेष्ठ योग्याची खूण सांगतात. दुसऱ्याचं सुखदुःख तो स्वतःवरून ओळखतो.

१९ ऑगस्ट २०२३, बुडापेस्ट. जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत महिलांची १०,००० मीटरची फायनल. ट्रॅकच्या २५ फेऱ्या. नेदरलँड्सची सिफान हसन सुवर्णासाठी झुंजत होती आणि अगदी शेवटच्या काही मीटरवर ती कोसळली! तिन्ही पदकं इथिओपियाला गेली. हसन उठली, रेषा ओलांडली, पण अकरावी.

रौप्य जिंकलेली लेटेसेनबेट गिडे मात्र आपला आनंद बाजूला ठेवून हसनला धीर द्यायला गेली.

सहाच महिने आधी ऑस्ट्रेलियात, बॅथर्स्टच्या जागतिक क्रॉस-कंट्री शर्यतीत, गिडे स्वतः आघाडीवर असताना अशीच रेषेजवळ पडली होती. कुणीतरी तिला हात देऊन उठवलं आणि बाहेरची मदत मिळाली म्हणून ती बाद ठरली. त्या पडण्याची कळ तिला ठाऊक होती.

आपल्यालाही ठेच लागते. हुकलेली परीक्षा, गेलेली नोकरी, तुटलेलं नातं. त्यातून मन कडू होऊ शकतं, किंवा दुसऱ्याचं दुखणं ओळखायला शिकतं. निवड आपली असते. आणि समोरचा आपला स्पर्धक असेल, तेव्हाच या श्लोकाची खरी परीक्षा होते.

आजची साधना : तुम्ही जिथे हरला होतात, तिथेच आज हरलेल्या एकाला फोन करा. उपदेश नको. फक्त ऐका.

जय हरी!