मालाचा ताबा

प्रिय बेटा,



तुझी खाला सांगते ते खरं का? तू म्हणे प्रबंधाचा विषयच बदललास, आणि इस्लामी बँकांच्या शरीअत मंडळाचं काम मशीन करील, उलेमांनी नुसती सही करावी, असं मांडायला निघालीस. ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर तू ‘तसं नाही हो मामू’ म्हणून हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितोय.

मशीनशी माझं भांडण नाही. कोणाचं कर्ज बुडेल, सुकूक रोख्यांचे भाव कुठे जातील, व्यवहारात लबाडी कुठे आहे, ते तिने खुशाल शोधावं. सध्या त्यावर लेखांचा ढीग पडतोय, आणि त्या ढिगाची मोजदाद करणारेही लेख निघतायत. स्कोपसच्या सूचीवरून लेखांची यादी उतरवायची, व्हीओएसव्ह्यूअर सॉफ्टवेअरमध्ये रंगीत वर्तुळं काढायची. एका प्रकरणापुरतं ठीक आहे. तेवढ्यावर पदवी घेऊ नकोस.

माझी भीती वेगळी आहे. मुराबहात बँकेने आधी माल विकत घ्यायचा, तो तिच्या ताब्यात यायचा, तोवर काही बिघडलं तर नुकसान तिचं. मग नफा उघड सांगून गिऱ्हाइकाला विकायचा. कलमं बरोबर आहेत का ते मशीन क्षणात सांगेल. पण माल होता का? कुठे होता? बँकेच्या ताब्यात आधी आला का? माल असो वा नसो, कागद सारखाच दिसतो. बहारीनच्या कचेरीत असे कागद मी वर्षानुवर्षं टाइप केले. अरबी अक्षर लावता यायचं, अर्थ लागायचा नाही. जवळच्या मशिदीत संध्याकाळी एक मौलाना व्यवहाराची फिकह, म्हणजे धर्माचा कायदा, शिकवत. जायची फार इच्छा होती. पण ओव्हरटाइम सोडला असता तर दापोलीचं घर अडलं असतं, तुझ्या अम्मीचं लग्नही. ते राहिलं ते राहिलंच. आज उस्ताद तुझ्या समोर बसलेले आहेत आणि तू त्यांना सोडून मशीनला विचारतेस, म्हणून जीव तुटतो.

तवर्रुकचंच बघ. माल उधारीवर घ्यायचा आणि लगेच तिसऱ्याला विकून रोख हातात घ्यायची; संघटित तवर्रुकात हे सगळं बँकच जुळवून देते. आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने २००९ साली शारजात संघटित तवर्रुक नाजायज ठरवला. तू शिकतेस त्या मलेशियात तो सर्रास चालतो, तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, बँक नेगाराच्या, शरीअत सल्लागार परिषदेच्या मंजुरीने. बहारीनच्या आयोफी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अटी घालून वाट ठेवली. मशीनला यातलं काय वाचायला देशील, त्यावर तिचा होकार-नकार ठरणार. मग तो फतवा कोणाचा? यावर लिही ना! शिवाय ही भाषेची मॉडेलं कोणी कधी न दिलेला फतवाही हवाल्यासकट ठासून सांगतात. प्रत्येक हवाला मूळ ग्रंथात स्वतः उघडून बघ. आणि एखाद्या बँकेत जाऊन विचार, माल कुठे आहे.

फार बोललो. खालाने अर्धवट ऐकलं असेल तर मनावर घेऊ नकोस. आपल्या घरात या विषयावर माझ्याशी बोलणारी तू एकटीच आहेस, म्हणून हक्काने रागावतो. पहिलं प्रकरण झालं की मला मराठीत समजावून पाठव, घाई नाही. पैशाची ओढाताण असेल तर अम्मीला नको, मला कळव. तुझ्या मुमानीने कोकमं आणि तांदळाचं पीठ बांधून ठेवलंय, येणाऱ्याचं नाव सांग. रात्री जेवतेस ना वेळेवर? ते मात्र खरं लिही.

अल्लाह तुला सलामत ठेवो.

तुझा
मामू