बासरीचा रियाज

मुलांनो, तुम्ही बासरी ऐकली असेलच. जत्रेत किंवा उरुसात बासरीवाला येतो. उंच काठीला बासऱ्या खोचून तो गर्दीतून वाजवत फिरतो. त्याची बासरी ऐकून आपण थांबतो, एक विकत घेतो आणि घरी येऊन फुंकतो. नुसती फुस्स अशी हवा बाहेर पडते! बासरी त्याच काठीवरची, मग फरक कशाचा? फरक रियाजाचा.

'रियाज' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो अरबीतून उर्दूत आला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बोलण्यातून तो मराठीतही रुळला. रियाज म्हणजे नियमित सराव. पण रोज तासभर वाजवले की रियाज झाला, असे नाही. कसे वाजवले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

आधी बासरीची ओळख करून घेऊ. बासरीला फुंकण्यासाठी एक आणि बोटांसाठी सहा छिद्रे असतात. बोटांची छिद्रे तोंडाकडून मोजायची. पहिली तीन छिद्रे झाकली की 'सा' वाजतो. तिसरे छिद्र उघडले की 'रे'. दुसरेही उघडले की 'ग'. पहिले छिद्र अर्धे उघडले की 'म'. आता सहाही छिद्रे झाकून थोडी जोराची फुंकर घाला. 'प' वाजेल. मग शेवटून एकेक छिद्र उघडत गेले की 'ध', 'नी' आणि वरचा 'सां' मिळतो. हीच सरगम.

यात अवघड जागा कोणती, ते तुमच्या लक्षात आले का? सा, रे, ग वाजवताना एकेका बोटाचेच काम असते. पण 'म' वरून 'प' वर जाताना पाच बोटे एकाच वेळी खाली यावी लागतात. शिवाय अर्धे छिद्र पूर्ण झाकायचे आणि फुंकरही बदलायची. एक बोट जरी मागे राहिले तरी मध्येच नको तो स्वर चिरकतो.

बहुतेक मुले इथेच फसतात. ती 'सा' पासून सुरुवात करतात, 'प' जवळ अडखळतात, तसेच पुढे रेटतात आणि 'सां' गाठतात. मग पुन्हा पहिल्यापासून! अशी सरगम वीस वेळा वाजवली, तर काय होते? सोपे स्वर वीस वेळा घोटले जातात आणि अडखळणेही वीस वेळा घोटले जाते. बोटांना चूक आणि बरोबर यांतला फरक कळत नाही. जे पुन्हा पुन्हा करावे, ते त्यांच्या अंगवळणी पडते. म्हणून चुकीचा रियाज न केलेल्या रियाजापेक्षा महाग पडतो.

तुम्ही उर्दू लिहायला शिकलात, ते आठवा. सुटी अक्षरे आली म्हणून लगेच शब्द लिहिता आला नाही. अक्षर अक्षराला जोडताना त्याचे रूप बदलते. ती जोडणी वेगळी शिकावी लागली. स्वरांचेही असेच आहे. 'म' येणे वेगळे, 'प' येणे वेगळे आणि 'म' वरून 'प' वर जाणे वेगळे. सरगम म्हणजे या जोडण्यांचा अभ्यास.

मग रियाज कसा करावा?

सुरुवातीला एकेक स्वर लांबवा. मनात सावकाश आठ अंक मोजा. तोपर्यंत स्वर हलता कामा नये. फुंकर जोराची झाली की स्वर चढतो, मंद झाली की उतरतो. बासरी गार असतानाही स्वर किंचित उतरलेला असतो. श्वासाने ती गरम झाली की स्वर वर येतो. म्हणून पहिली पाच मिनिटे लांब स्वरांना द्यावीत. सोबत तानपुरा लावावा. आता तो मोबाइलवरही ऐकायला मिळतो. आपला 'सा' तानपुऱ्याच्या 'सा' मध्ये मिसळला पाहिजे. चक्कर आल्यासारखे वाटले, तर बासरी खाली ठेवा आणि थोडा वेळ थांबा.

दुसरे काम बोटांची तपासणी. मंद फुंकर घालून 'सा' वाजवा. आता चौथे, पाचवे आणि सहावे छिद्र क्रमाने झाका. खालचे 'नी', 'ध', 'प' वाजले पाहिजेत. जिथे आवाज फुटेल, तिथे एखादे छिद्र नीट झाकलेले नाही असे समजा. नवे बोट ठेवताना कधी कधी वरचे बोट सरकते. तेही तपासा. छिद्र बोटाच्या टोकाने नव्हे, पेराच्या मऊ भागाने झाकावे. बोटे दाबू नयेत, नुसती ठेवावीत.

तिसरे काम अवघड जोडणीचे. फक्त 'म' आणि 'प' घ्या. चार मात्रा 'म', चार मात्रा 'प'. पायाने ताल धरा. ही जोडी स्वच्छ आली की 'गमप', मग 'मपध' वाजवा. त्यानंतर पूर्ण पलटा घ्या: सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां. परत येताना सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. पलटा सलग तीन वेळा स्वच्छ आला, तरच वेग थोडा वाढवा. अडखळलात, तर मागच्या वेगावर या. यात कमीपणा नाही.

मोठ्या कलावंतांनीही हे केले आहे. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचा जन्म १९३८ साली अलाहाबादला झाला. आकाशवाणीवर आणि चित्रपटांच्या संगीतात त्यांचे नाव झाले होते. तरीही ते मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे शिष्य म्हणून गेले. आपण खरोखरच नव्याने शिकायला आलो आहोत, हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. उजवीकडे धरली जाणारी बासरी ते डावीकडे धरू लागले. वाजवण्यात तरबेज झालेली बोटे पुन्हा 'सा' पासून शिकू लागली. नाव झाल्यावर पुन्हा अडखळायला तयार होणे, ही सोपी गोष्ट नव्हे.

मुलांनो, रोज वीस मिनिटे पुरेत. पण त्या वीस मिनिटांत तुमचा कान जागा असला पाहिजे. जिथे अडते, तिथेच थांबा. ती जागा सुधारली की उरलेली सरगम आपोआप पुढे वाहते.

शब्दार्थ

उरूस – दर्ग्यावर भरणारी वार्षिक जत्रा
रुळणे – वापरात येऊन ओळखीचे होणे
घोटणे – पुन्हा पुन्हा करून पक्के करणे
अंगवळणी पडणे – सवय होणे
पेर – बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग
मात्रा – ताल मोजण्याचे माप
पलटा – स्वरांचे ठरावीक गट क्रमाने वाजवणे
तरबेज – कुशल

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बासरीला बोटांसाठी किती छिद्रे असतात?
(आ) 'म' वाजवण्यासाठी पहिले छिद्र कसे ठेवावे लागते?
(इ) बासरी गार असताना स्वर कसा असतो?

२. कारणे लिहा.
(अ) 'म' वरून 'प' वर जाणे अवघड असते.
(आ) चुकीचा रियाज न केलेल्या रियाजापेक्षा महाग पडतो.

३. वाक्यात उपयोग करा.
अंगवळणी पडणे, कान जागा असणे, मागे राहणे

४. 'रियाज' हा शब्द उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत आहे. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

५. तुम्हांला अवघड वाटणारी एक गोष्ट निवडा. तिच्यातील नेमकी कोणती जागा अडते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.