थंडी पडली नाही, तर आधी भुरी पाहा

नाशिकच्या गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे निघालं की कडाक्याच्या डिसेंबरात पहाटे बागांमधून शेकोट्यांचा धूर दिसतो. धूर नसेल आणि सकाळी नऊलाच स्वेटर नकोसा होत असेल, तर द्राक्षबागायतदाराने निर्धास्त होऊ नये. असा हिवाळा आता नवलाचा राहिलेला नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उबदार फेब्रुवारी २०२५ चा ठरला.

गारठ्यात मणी फुगत नाही, म्हणून ऊब आली की बरंच वाटतं. थॉम्पसन वाणातली गुलाबी मण्यांची तक्रारही घटते, कारण ती रात्रीचा गारठा आणि दिवसाचं ऊन यांतल्या मोठ्या फरकाने वाढते. पण याच हवेत भुरी रोग फोफावतो. डाऊनी रोगाला पान ओलं लागतं, भुरीला नाही. २० ते २७ अंश तापमान, ढगाळ हवा आणि दाट कॅनॉपी तिला पुरते. पाऊस नाही म्हणून फवारणी लांबवणारे इथेच फसतात.

घडाच्या आतले मणी आणि सावलीतली पानं रोज उलटून पाहा. घडाभोवतीची गर्दी काढा, मात्र पश्चिमेची पानं राहू द्या, नाहीतर दुपारच्या उन्हात मणी भाजतील. गंधक कडक थंडीत नीट काम करत नाही, उबेत करतं. पण पारा ३२-३५ च्या पुढे गेला की त्याचाच चट्टा पडतो, तेव्हा फवारणी उन्हाआधी उरका. अँपेलोमायसिससारखी जैविक बुरशी वापरत असाल तर ती गंधकात मिसळू नका. मण्यात पाणी उतरल्यावर रासायनिक औषधाचा मोह टाळलेलाच बरा. निर्यातीच्या बागेत तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी आणि काढणीपूर्व कालावधी पाहिल्याशिवाय टाकीत काही ओतू नका.

ठिबकचं पाणी मातीचा ओलावा पाहून थोडं थोडं वाढवा. ताण देऊन एकदम सोडलं की मण्यांना तडे जातात.

सावरगाव परिसरातल्या वाईन द्राक्षांचं गणित वेगळं. उबदार रात्रींत साखर चढते तशी आम्लता झपाट्याने उतरते, काळ्या वाणांचा रंगही फिका राहतो. गेल्या वर्षीची तोडणीची तारीख विसरा; ब्रिक्ससोबत पीएच मोजा आणि वायनरीला वेळेआधी कळवा.

कांद्यात अशा हवेने डेंगळे कमी येतात, फुलकिडे जास्त. उशिरा पेरलेल्या गव्हाचं दाणे भरतानाचं पाणी मात्र चुकवू नका, आणि मावा पाहायला ओंबीपर्यंत नजर जाऊ द्या.