आधी चपला काढ, फोटो नंतर

अगं, फोनवर तू "टाचेचं हाड वाढलंय" म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं. एक्स-रेचा फोटो काढून हातात दिला असणार, पण टाचेला कुणी बोट लावलं नसणार. ते वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसतं गं! आता तीर्थपुरीहून जालन्याला डॉक्टरकडे जाशील तेव्हा चपला काढून बस, साडी पोटरीपर्यंत घे. भेगांची लाज वाटून टाचा काठाखाली दडवायच्या नाहीत. मी दडवल्या होत्या, म्हणून सांगते.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं जीव घेतात, मग चालता चालता ठणका कमी होतो, हे न विसरता सांग. डॉक्टर टाचेच्या बुडाशी, आतल्या बाजूला अंगठा रुतवतील. मग पायाचा अंगठा वर ओढतील. तेव्हा तळव्यातला पट्टा ताणला जातो, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळल्यासारखा. त्या तपासणीचं इंग्रजी नावही 'विंडलास', म्हणजे रहाटच. तिथंच कळ उठली तर दुखणं बहुतेक त्या पट्ट्याचं.

टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर कळ आली तर मात्र हाडाला बारीक चीर असू शकते. आतल्या घोट्यामागे टिचकी मारल्यावर तळव्यात मुंग्या आल्या तर नस दबल्याची शंका. आणि पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल आपसूक हलायला हवं. हललं नाही तर टाचेमागचा जाड दोर तुटलाय समज.

वहिनीचा कापूस वेचताना सरीत पाय मुरगळला म्हणालीस ना? त्यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली नियम बसवला. घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेला, खालच्या 6 सेंटिमीटरात दाबून दुखलं, किंवा चार पावलंही टाकता येईनात, तर घोट्याचा फोटो काढायचा. नुसतं सुजलंय म्हणून नाही. पावलाच्या मधल्या हाडांचं वेगळं बघतात, तेही दाबूनच.

आईला हा नियम लावू नकोस हं. तिची शुगर जुनी, परवा पायातली चपल निसटली तरी तिला कळलं नाही. अशा पायाला दुखतच नाही, मग दाबून काय कळणार? तिच्या तळव्याला नायलॉनचा, 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा दोरा टेकवून बघायला सांग, डोळे मिटायला लावून. नाहीतर बघून "हो, लागला" म्हणेल ती.