इसब, कोरडी त्वचा आणि बारीक सुरकुत्या: काय करावे, काय टाळावे

इसबाची प्रवृत्ती असलेल्यांच्या चेहऱ्यावर तिशीच्या आतच बारीक रेघा दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याचशा वयाच्या नसतात, कोरडेपणाच्या असतात. त्वचेतले सिरॅमाइडसारखे स्निग्ध घटक कमी पडले की पाणी उडून जाते आणि कातडी आक्रसते. म्हणून आधी ओलावा. सुरकुत्यांची क्रीमे नंतर. डोळ्यांखालची जादा घडी मात्र अनेकांना लहानपणापासूनच असते. ती घालवण्यात पैसे घालू नका.

काय करावे

• अंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत उरका. अंग चोळू नका, टिपा; आणि ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. फार तर ३ मिनिटे थांबा.

• पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा मलम बरे. घटकांत ग्लिसरीन, सिरॅमाइड शोधा. किमतीला भुलू नका: पाणी अडवून धरण्यात साधी पेट्रोलियम जेली भल्याभल्या बरण्यांना मागे टाकते.

• नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर, रोज दोनदा लावून पाहा. मगच चेहरा.

• सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचे, एसपीएफ ३० किंवा जास्त. कायमच्या सुरकुत्या पडण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो.

• रेटिनॉल हवेच असेल तर इसब पूर्ण शांत असताना, डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून दोनच रात्री. गरोदरपणात अजिबात नाही.

काय टाळावे

• लिंबू, बेसन, मुलतानी माती, स्क्रब. दिवाळीचे उटणेसुद्धा! ते खरखरीत असते आणि सुगंधीही. अभ्यंगाला खोबरेल बहुतेकांना चालते, मोहरीचे तेल नको. उटणे शास्त्रापुरते तळहाताला लावा, आजी रागावणार नाही.

• ‘हर्बल’ लिहिलेले सगळे सौम्य, हा समज. सुगंधी अर्क वनस्पतींचे असले तरी झोंबतातच.

• भेगा पडल्या असताना युरियाचे क्रीम. आग होते.

• डोळे चोळणे.

• आणि सर्वांत महत्त्वाचे: औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेली स्टेरॉइडची ट्यूब. शेजारणीला गुण आला, चेहरा उजळला, म्हणून ती घरात येते आणि महिनोन्महिने चालते. खाज थांबते खरी. पण अशा वापराने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, सुरकुत्या वाढतात. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही मिश्र क्रीमांतही स्टेरॉइड असते. उलट, त्वचारोगतज्ज्ञांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले स्टेरॉइड घाबरून अर्धवट सोडू नका, कारण पेटलेले इसब नुसत्या मॉइश्चरायझरने विझत नाही. घरात अशी जुनी ट्यूब असेल आणि रोज लावत असाल, तर एकदम बंद करण्याआधी ती घेऊन डॉक्टरांकडे जा.