विस्टेरियाला कात्री हवी

घर घेतलंस, त्याला दक्षिणेची भिंत आहे, तर विस्टेरिया जरूर लाव. इंग्लंडची थंडी सोसून मे महिन्यात असा भरभरून जांभळा फुलणारा दुसरा वेल माझ्या पाहण्यात नाही. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. या वेलाचे लाड करायचे नाहीत, त्याला कापायचं. वर्षातून दोनदा, न चुकता.

रोप घ्यायला मे महिन्यातच नर्सरीत जा आणि फुलावर असलेलंच उचल. बुंध्याशी कलमाची गाठ आहे का, बोटाने चाचपून बघ. कलमी वेल तीन-चार वर्षांत फुलतो, बियांचा वीस वर्षंसुद्धा वाट बघायला लावतो. गाठीखालून फुटवे आले तर लगेच काढ, ते खुंटाचे असतात. भिंतीसाठी चिनी जात बरी, कारण ती पानांच्या आधी फुलते. जपानी जातीचे लांबलचक घोस मांडवावरून लोंबले तरच शोभतात.

आधार कच्चा नको. जाड गॅल्व्हनाइज्ड तारा आडव्या, फूट-फूट अंतरावर, भिंतीपासून जरा सुट्या ठेवून लाव. फांदी तारेला सुतळीने बांध, तारेभोवती गुंडाळू देऊ नकोस. पुढे खोड जाड झालं की ते तार गिळतं. गटारीच्या पाइपमागे किंवा कौलांखाली एकही शेंडा शिरता कामा नये. कॅलिफोर्नियात सिएरा माद्रे गावी १८९४ साली लावलेला एक वेल आज एकराहून जास्त जागा व्यापून आहे, आणि ज्या घराला तो लावला होता ते त्याच्या भाराने मोडलं.

आता कापणीचं नीट ऐक. बहर ओसरला की हिरव्या, लवचीक फांद्या सुसाट सुटतात, पुरुषभर लांब. ज्या फांद्या सांगाड्यासाठी हव्यात तेवढ्या बांधून घे. बाकीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बुडाकडून पाच-सहा पानं मोजून तिथे काप. म्हणजे बुडापर्यंत ऊन पोचतं आणि वेलाचा जोर फांद्या लांबवण्यात वाया न जाता पुढच्या वर्षीच्या कळ्या धरण्यात लागतो. मग जानेवारी-फेब्रुवारीत, पानं झडलेली असताना, त्याच फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आण. तेव्हा डोळे जवळून बघ. फुलाचा डोळा टपोरा आणि गोलसर असतो, पानाचा बारीक, टोकदार, फांदीला चिकटलेला. एकदा हा फरक कळला की हात आपोआप बरोबर जागी थांबतो.

फुलत नाही म्हणून खत घालत सुटू नकोस. हा वेल आपल्या वाला-तुरीच्याच कुळातला. मुळांवरच्या गाठींमधून तो हवेतला नत्र स्वतः मिळवतो. वर आणखी नत्र दिलास तर नुसता पाला माजेल. हलकी जमीन असेल तर वसंतात थोडं पोटॅश दे, पुरे. पाणी मात्र जुलै ते सप्टेंबर कोरडं गेलं तर भरपूर घाल, कारण पुढच्या बहराच्या कळ्या तेव्हाच तयार होतात. एप्रिलमध्ये रात्री दव गोठणार असं वाटलं तर हात पोचेल तिथवर कळ्यांवर बागेतलं पांढरं कापड टाक.

फुलांच्या बाबतीत घाई करू नये. लंडनमध्ये चिझिकच्या ग्रिफिन ब्रुअरीच्या भिंतीवरचा वेल १८१६ सालचा आहे आणि अजून फुलतो.

राहिल्या शेंगा. मखमली, हिरव्या, थेट वालासारख्या दिसतात, आणि आपल्याकडच्या माणसाला शेंग दिसली की भाजीच सुचते. या शेंगा आणि त्यांतल्या बिया विषारी आहेत. दोन-चार बिया पोटात गेल्या तरी पोरं ओकून ओकून बेजार होतात. उन्हाच्या दिवशी त्या फटकन फुटतात आणि बिया अंगणभर उडतात. म्हणून त्या पिकण्याआधीच उतरव, आणि आई पाहुणी आली की तिला पहिल्याच दिवशी हे सांगून ठेव.